दारापाशी ठेवलेलं स्टूल

चि. अमेय आणि चि. गौरी यांस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, कोकणातली असून तुला एकही भुताची गोष्ट येत नाही?" नाही येत. भुतंखेतं, करणी, नजर – यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. लहानपणी तीन वाटांच्या तिठ्यावर ठेवलेला उतारा मुद्दाम ओलांडून गेले होते, आणि त्याबद्दल आत्याच्या हातचा मारही खाल्ला होता. आजही मानत नाही. पण एक प्रकार माझ्या बाबतीत घडला, तो सांगते. शिस्तीत सांगते – आधी जागा, मग माणसं, मग प्रकार. मध्ये "पण आजी..." नको.

जागा रत्नागिरीचं सरकारी हायस्कूल, साल एकोणीसशे तीसच्या थोडं पुढचं. जांभ्या दगडाची इमारत, वर कौलं, आणि दुपारी मांडवीच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा. ज्यांचा हात चांगला आहे अशा मुलांसाठी शनिवारी दुपारी चित्रकलेचा खास वर्ग सुरू झाला होता. फी नाही. कागद-पेन्सिल शाळेची. या वर्गातली मुलं ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेला जायची, आणि तिथून एखादा मुंबईच्या आर्ट स्कूलपर्यंत पोचायचा.

मुलांची निवड ड्रॉइंगचे परचुरे मास्तर करत. त्यांनी माझं नाव घातलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "मुलांच्या रांगेत मुलगी बसणार नाही."

"मग ती कुठे बसेल, सर?"

"दारापाशी. तुमच्या खुर्चीमागे."

आता खोली नीट डोळ्यांसमोर आणा, कारण सगळं तिच्यावर आहे. मधोमध उंच टेबल, त्यावर चित्रासाठी ठेवलेली वस्तू. टेबलासमोर अर्धगोलात मुलं. टेबलामागे मास्तरांची खुर्ची, तिच्यामागे दार, आणि दारापाशी माझं स्टूल. म्हणजे मुलांना वस्तूचं तोंड दिसे, मला पाठ. मुलांचे ड्रॉइंग बोर्ड गुडघ्यांवर टेकलेले, त्यामुळे त्यांचे कागदही मला दिसत नसत. दिसत ते बोर्डांच्या मागच्या फळ्या.

मास्तरांचा नियम एकच. "जे माहीत आहे ते काढू नका. जे दिसतं तेच काढा." हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. कुणाचंही चित्र पाहून, तो कुठे बसला होता हे मास्तर अचूक सांगत. प्रत्येक जागेवरून वस्तू वेगळीच दिसते ना!

पहिल्या शनिवारी एनॅमलची निळी किटली होती. मी डावा डोळा मिटला, माप घेतलं, चित्र काढलं. मास्तरांनी ते हातात घेतलं आणि टेबलापाशी नेऊन किटलीशी ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मालती, तोटीखालचा हा टवका तुला दिसला?"

"हो, मास्तर."

"तुझ्याकडे किटलीचा कान आहे. तोटी पलीकडे आहे."

मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. खरंच, माझ्याकडे कान होता. तोटीचा पत्ताच नव्हता! पुन्हा डावा डोळा मिटून पेन्सिल धरली... समोर तोटी, आणि तिच्याखाली उडालेला टवका. माझं चित्र बरोबर मधल्या जागेवरून काढल्यासारखं होतं. तिथे वसंता बसायचा, मामलेदारांचा मुलगा.

मास्तरांनी वसंताचं चित्र माझ्या चित्राशेजारी धरलं, आणि झालं! मुलांचं "चोर, चोर" सुरू झालं. मी म्हटलं, "वसंताची किटली बदकासारखी दिसते. चोरायचंच असतं तर जरा बरं काहीतरी चोरलं नसतं?" वसंताच सगळ्यांत मोठ्याने हसला. पण पुढच्या शनिवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर गेली. त्यांचं म्हणणं, ही आत येताना पुढून वस्तू पाहून ठेवते, नाहीतर मुलं हिला कागद दाखवतात, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी मुलगी वर्गात नको.

परचुरे मास्तर म्हणाले, "सर, एकदा पारख तर करू."

त्या दिवशी टेबलावर कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी दारातून आत येऊन सरळ स्टुलावर बसले. त्यानंतर मास्तरांनी कापड काढलं. मोठा शंख होता. माझ्याकडे त्याची गुळगुळीत पाठ. मी डावा डोळा मिटला, आणि मला शंखाचं उघडं तोंड दिसलं. त्यात आंब्याचं एक पान खोचलेलं, टोकाशी फाटलेलं. मी पान काढलं, फाटलेलं टोकही काढलं. हेडमास्तर माझ्या पाठीशीच उभे होते. त्यांनी टेबलाला वळसा घालून पानाकडे पाहिलं, मग माझ्या कागदाकडे.

"यात काहीतरी युक्ती आहे," ते म्हणाले. "'मी मुलांचं पाहून काढलं' असं लिहून दे. मग वर्गात राहा. नाहीतर पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस."

घरी काशीआत्या म्हणाली, "बाहेरचं आहे गो हे. त्या खोलीत कुणाचं तरी पोर गेलेलं असणार. गाऱ्हाणं घालूया देवीला." मी शाळेत चौकशी केली होती. त्या खोलीत पूर्वी नकाशे आणि मोडकी बाकं ठेवत. मेलेलं कुणी नव्हतं. आत्याची फारच निराशा झाली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "बाय, कुणाचं पाहिलंस?"

"नाही."

"मग लिहून देऊ नकोस."

"वर्ग जाईल, अण्णा."

"जाईल," अण्णा म्हणाले, आणि दिव्याची काच पुसू लागले.

मला ठाऊक होतं, वर्ग गेला की चित्रकला गेली. मग घरी बसून रांगोळ्या काढायच्या, आणि पाहायला आलेल्या लोकांनी "हात चांगला आहे हो मुलीचा" म्हणायचं. तो आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. पण खोटं लिहून द्यायचं मात्र एकदाही मनात आलं नाही. माझा काय गुन्हा होता? दाराशी बसवलं होतं त्यांनी!

शनिवारी पुन्हा तीच किटली होती. हेडमास्तर कोरा कागद घेऊन उभे होते. "लिहितेस ना?"

"नाही, सर. चित्र काढते." मी स्टूल उचललं, टेबलाला वळसा घातला आणि मुलांच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिले. कुणी हललं नाही. मग वसंता उठला. "घे गो, बस इथे. नाहीतरी तू दर शनिवारी इथेच असतेस." सगळा वर्ग फिस्सकन हसला. मी मधोमध बसले. आता तोटी माझ्यासमोर, टवका माझ्यासमोर. दारापाशी आता स्टूलसुद्धा नव्हतं.

मी हात ताठ केला आणि डावा डोळा मिटला.

मला किटलीची पाठ दिसली. तो कान. आणि कानाच्या पलीकडे मुलांचा अर्धगोल, त्याच्या मधोमध दोन वेण्यांची एक मुलगी – हात ताठ, हातात पेन्सिल, एक डोळा मिटलेला.

घाबरले का? हो, घाबरले. पण मास्तरांचा नियम होता. जे दिसतं तेच काढलं.

हेडमास्तर येऊन चित्राकडे पाहू लागले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे नुसती फरशी होती.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "आता सांगा, सर, हे कुणाचं पाहून काढलं?"

हेडमास्तरांनी कोऱ्या कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ते निघून गेले. परचुरे मास्तरांनी चित्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "खाली सही कर. आणि स्टूल इथेच राहू दे."

त्या दिवसानंतर पुन्हा तसं कधी झालं नाही. डावा डोळा मिटला की जिथे बसले असेन तिथूनच दिसे. खोलीत आरसा नव्हता, काचेचं कपाट नव्हतं. पुढे मुंबईला बी.ए. करताना डोळ्यांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून चष्म्याचा नंबर दिला. आत्या मरेपर्यंत म्हणत राहिली, तेव्हाच गाऱ्हाणं घालायला हवं होतं. मी दोघांचंही मानलं नाही. उत्तर मला तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून, पाहिलेलं मी खोडणार नाही.

माझ्या पलंगासमोर टांगलेलं किटलीचं चित्र तुम्हाला आठवतं ना? गेल्या खेपेला गौरीने विचारलं होतं, "आजी, मागे बसलेली ही मुलगी तूच ना? तुझं चित्र कुणी काढलं?"

मी म्हटलं होतं, "मीच." तेव्हा तुम्ही दोघं हसलात.

त्या चित्राखालची सही पुन्हा एकदा वाचा.

तुमची,
आजी