सुगीत शाळा भरवणाऱ्या बाई

श्रीमती द्वारकाबाई खळदकर यांची आणि माझी पहिली भेट एका गैरसमजातून झाली, आणि तो गैरसमज माझा होता. भोर संस्थान विलीन होऊन काही महिनेच लोटले होते. ट्रेनिंग पुरे करून उंबरवाडीच्या प्राथमिक शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. आश्विन लागला होता. मोटारीने नसरापूरला उतरलो, ट्रंक एका बैलगाडीवर टाकली आणि गाडीमागून वेल्ह्याच्या रस्त्याने चालू लागलो. दोन्ही अंगांना भात पिवळे पडत चालले होते आणि बांधाबांधावर पाखरे हाकणाऱ्या पोरांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. ही माझ्याच शाळेतली पोरे असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली लांबट कौलारू पडवी. आत सहा-सात मुले बसली होती आणि नऊवारी लुगडे नेसलेल्या एक मध्यमवयीन बाई कडेवर तान्हे मूल घेऊन फळ्यावर वजाबाकी मांडत होत्या. कुणा मुलाची आई असावी असे समजून मी हेडमास्तर कुठे आहेत म्हणून विचारले. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग ट्रंकेकडे पाहिले.

"मीच. तुम्ही नवे मास्तर ना? हे जरा धरा."

एवढे बोलून त्यांनी ते मूल माझ्या हातात दिले आणि उरलेली वजाबाकी पुरी केली. मूल पुढच्या रांगेत बसलेल्या सोनू नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचा भाऊ होता. त्याला सांभाळायला घरी कोणी नव्हते. तिला पाटीवर लिहिता यावे म्हणून बाईंनी त्याला कडेवर घेतले होते. त्याने माझा नवा सदरा ओला केला. मला फार राग आला.

खरे सांगायचे तर एका बाईच्या हाताखाली काम करावे लागणार, हेच मला रुचले नव्हते. पहिल्याच आठवड्यात बदलीसाठी खटपट करा असे मी वडिलांना लिहिले. ते पत्र नसरापूरला टपालात टाकायला मी बाईंच्याच हाती दिले होते. त्यांनी ते पोचवले. माझ्या मनात काय आहे हे त्यांनी ओळखले असणार, पण त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

आमच्या खोऱ्यात शाळा कागदावर जूनपासून भरत असली, तरी तिची खरी परीक्षा दसऱ्यापासून पुढे. भात कापणीला आले की पोरगे पाखरे राखायला जाते, पोरगी धाकट्या भावंडाला घेऊन घरी बसते, नाहीतर शेतावर भाकरी पोचवते. मळणी उरकेपर्यंत वर्ग ओस पडतात. त्यानंतर मुलगे बहुतेक परत येतात. मुलींपैकी निम्म्या कधीच येत नाहीत. वर डोंगरावर धनगरवाडा होता, तिथे सारे उलटे. पावसात मधला ओढा ओलांडता येत नसे, तो आश्विनात उतरे. त्यामुळे गावची पोरे शाळा सोडू लागली की धनगरांची दोन-चार पोरे येऊ लागत. बाई म्हणत की आपली शाळा वर्षात एकदाही पुरी भरत नाही, आणि हे त्यांना अगदी मनापासून लागलेले असे.

त्याच वर्षी वरच्या कचेरीतून परिपत्रक आले की ज्या शाळेची सरासरी हजेरी ठरल्यापेक्षा खाली जाईल, तिथला दुसरा शिक्षक काढून घेतला जाईल. म्हणजे मी जाणार आणि चारही इयत्ता एकट्या बाईंच्या गळ्यात पडणार. बदली मागणाऱ्या मला ती अशी नको होती. पहिल्याच वर्षी शिक्षक जास्त झाला म्हणून परत पाठवला, असा शिक्का मला नको होता. म्हणून मी एक सोपा उपाय केला. दुसरी आणि चौथीचा हजेरीपट माझ्याकडे असे. मी त्यात रोज चार-पाच गैरहजर मुलांना हजर लिहू लागलो. सगळेच लिहितात, असे मी मनाशी म्हणत होतो.

हे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतले. हजेरीपट उघडून त्यांनी सोनूच्या नावावर बोट ठेवले आणि ही आज कुठे बसली होती असे विचारले. दुपारच्या सुट्टीत बाई ओढ्यापलीकडे गेल्या होत्या आणि सोनू त्यांना तिथे शेतात दिसली होती. त्यांनी दौतीतली तांबडी शाई घेतली, माझ्या खोट्या हजेऱ्या एकेक करून खोडल्या आणि प्रत्येकीखाली स्वतःची सही केली. आवाज चढला नाही. मला वाटले, आता वर कळवणार. त्यांनी हजेरीपट मिटून माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर, ज्या दिवशी आपण तिला हजर लिहिलं, त्या दिवसापासून तिला शोधायला जायचं कारणच उरलं नाही. उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर चला."

माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत मला मिळालेले सर्वांत मोठे शिक्षण ते हेच. ट्रेनिंगात शिकवलेले बरेचसे मी विसरलो आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे बांधावरून फिरू लागलो. बाई झपझप चालत आणि मी मागे राहत असे. पहिल्यांदा गेलो ते सोनूच्या वडिलांकडे, कोंडिबांकडे. ते विळा खाली ठेवून उभे राहिले. आदर होता, पण चेहऱ्यावर कंटाळाही दिसत होता.

"बाई, आमी काय साळंच्या वाइटावर न्हाई," ते म्हणाले. "पर हिची आय कापनीला हुबी ऱ्हायल्यावर त्ये प्वार कुनी सांबाळायचं? तुमी सांगा."

बाईंनी उपदेश केला नाही. त्या बांधावर बसल्या आणि सोनूच्या आईला एकेक गोष्ट विचारत राहिल्या. बाळ केव्हा निजते, भाकरी किती वाजता लागते, सोनूचे हात कोणत्या वेळी मोकळे असतात. असेच त्यांनी पुढे चार दिवस घरोघरी विचारले. मी वहीत टिपत होतो. पाचव्या दिवशी ती वही त्यांनी पुढ्यात घेतली, तेव्हा उत्तर स्पष्ट दिसत होते. जवळजवळ प्रत्येक मुलीच्या आड एक तान्हे मूल होते आणि प्रत्येक मुलाला सूर्य वर येण्याआधीचे दोन तास मोकळे होते.

मग बाई बायजाआत्यांकडे गेल्या. आत्या गावातल्या सर्वांत वयस्क. कापणीला वाकता येत नाही म्हणून दिवसभर ओट्यावर बसून असत. शाळेत याल का असे बाईंनी विचारताच त्या हसल्या.

"म्या आता काय शिकनार, बाई?"

"शिकायला नव्हे, आत्या. मुलं निजवायला."

आत्या आल्या आणि आणखी दोघी म्हाताऱ्यांना घेऊन आल्या. पडवीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या, एका वेळी पाच-पाच, सहा-सहा. शाळा तांबडे फुटताच भरू लागली. ऊन पहिल्या पायरीवर आले की सुटे आणि पोरे भाकऱ्या घेऊन शेतावर जात. दिवस कलल्यावर पुन्हा दीड-दोन तास भरे. मचाणावर पाखरे राखणारे पोरगे पाटी बरोबर नेत, आणि आम्ही परतताना खालून त्यांची गणिते तपासत असू. आत्या झोळीची दोरी ओढीत आणि इकडे पोरे पाढे म्हणत. सात-आठ दिवसांनी आत्यांनाच बेचा पाढा येऊ लागला. तो त्यांनी कुणी न विचारता एकदा पुरा म्हणून दाखवला.

वेळ बदलण्याची परवानगी बाईंनी रीतसर पत्र लिहून मागितली होती. उत्तर आले नाही. त्या म्हणाल्या की उत्तर येईल तेव्हा भात घरात गेलेले असेल, आणि पत्राची नक्कल जपून ठेवून त्यांनी शाळा सुरूच ठेवली.

कार्तिकात मला हिवताप आला. मी चार दिवस खोलीवर एकटा पडून होतो. बाई चारही इयत्ता सांभाळून रोज दुपारी येत, तांदळाची पेज करून देत, आणि जायच्या आधी दारात उभ्या राहून जे प्रत्येक घरी विचारत तेच मलाही विचारत, "उद्या येणार का?" मी बरा होऊन गेलो तेव्हा शिक्षकांच्या हजेरीत माझ्या नावापुढे त्या चारही दिवसांची रजा नीट मांडलेली होती. मला तेव्हा हसू आले. त्या आठवड्यात मी वडिलांना दुसरे पत्र लिहिले आणि बदलीची खटपट थांबवा असे कळवले.

तपासणीसाठी वरच्या कचेरीतले साहेब आले ते कार्तिकाच्या अखेरीस, सकाळी. पडवी मुलांनी भरलेली होती आणि वर झोळ्या हलत होत्या. त्यांनी आधी झोळ्यांकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि ही वेळ कुणाच्या परवानगीने असे विचारले. बाईंनी पत्राची नक्कल पुढे केली. साहेब गृहस्थ न्यायी होते. मुलांकडून त्यांनी वाचून घेतले, गणिते घातली. बोटाला विळा लागून चिंधी बांधलेली असतानाही सोनूने स्वच्छ अक्षरात श्रुतलेखन लिहिले. पण शेवटी त्यांनी हजेरीपट उघडला. कार्तिकाचे आकडे चांगले होते, आश्विनाचे नव्हते, आणि तिथे तांबड्या शाईच्या खाडाखोडी होत्या. त्या कशाच्या म्हणून त्यांनी विचारले. मी उठून, त्या माझ्या चुकीमुळे आहेत असे सांगितले. त्यांनी शेऱ्यात त्याबद्दल काही लिहिले नाही. मात्र सरासरी कमी भरते, तेव्हा नियमाप्रमाणे दुसरा शिक्षक ठेवता येणार नाही, असे ते म्हणाले. माझ्या खोट्या हजेऱ्या तशाच राहिल्या असत्या, तर सरासरी भरली असती. हे बाईंना माहीत होते. मलाही माहीत होते.

ती गोष्ट गावात पसरायला संध्याकाळही लागली नाही. कोंडिबा आणि आणखी काही जण पडवीत आले आणि बाईंनी सरकारला अर्ज लिहून द्यावा, आम्ही अंगठे करतो, असे म्हणू लागले. बाईंनी नकार दिला. शाळा गावाची आहे, अर्ज गावाने लिहावा, असे त्या म्हणाल्या. लोक आधी गोंधळले. मग कोंडिबांनी सोनूला पुढे बसवले. मोठी माणसे सांगत गेली आणि सोनू लिहीत गेली. बाई आणि मी बाहेर पारावर बसून होतो. आतून कुणीतरी 'सरासरी'मधला 'स' कसा काढायचा असे विचारल्याचे आठवते.

दोन दिवसांनी सातजण पायी भोरला गेले. मीही गेलो, पण बाईंच्या सांगण्यावरून कचेरीच्या बाहेरच थांबलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि अक्षर कुणाचे असे विचारले. आत काय बोलणे झाले ते कोंडिबांनी परतीच्या वाटेवर सांगितले.

"म्या म्हनलं, माज्या सोनूचं. तुमच्या हजेरीत ती आश्विनात न्हाई सायेब, पर अक्षार तिचं हाय."

पौषात हुकूम आला. दुसऱ्या शिक्षकाबाबतचा निर्णय तूर्त स्थगित, आणि सुगीपुरती शाळेची वेळ बदलण्यास हरकत नाही. ते 'तूर्त' आजही संपलेले नाही. पुढल्या वर्षांत नसरापूर-कामथडीकडच्या दोन-तीन शाळांनी येऊन झोळ्या पाहिल्या आणि आपापल्या परीने ती रीत उचलली. मी बाईंच्या हाताखाली सहा वर्षे राहिलो. सोनू चौथी पास झाली, पाठोपाठ तिच्या वर्गातल्या चौघी झाल्या. त्याआधी उंबरवाडीत एकही मुलगी चौथीपर्यंत पोचली नव्हती.

बाईंना सगळेच साधले, असे लिहिले तर त्यांनाच आवडणार नाही. धनगरवाड्यावर ठकू नावाची एक हुशार मुलगी होती. तिच्यासाठी बाई एका आश्विनात सहा वेळा डोंगर चढल्या. ती महिनाभर आली, झरझर वाचायला शिकली, आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड मेंढ्यांबरोबर खाली उतरले ते परत आले नाही. नियमाप्रमाणे नाव कमी करण्याची वेळ आली, तेव्हा ते काम बाईंनी मला करू दिले नाही, स्वतः केले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मात्र नेहमीप्रमाणे पडवी झाडून उभ्या होत्या.

त्या स्वतःबद्दल क्वचितच बोलत. ऐन तारुण्यात वैधव्य आले, सासर-माहेर दोन्हीकडचा विरोध पत्करून त्यांनी पुण्यात शिक्षण घेतले, एवढे मला इतरांकडून कळले. निवृत्तीनंतर त्या भोरला राहतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे, गुडघे कुरकुरतात, तरी दुपारी आळीतल्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवतात. एखादी आली नाही, तर काठी टेकत तिच्या दारी जातात.

त्यांची साठी साजरी करायची असे त्यांच्या हाताखाली घडलेल्या आम्ही शिक्षकांनी ठरवले आणि कार्तिकातला दिवस धरून त्यांना कळवले. उलट टपाली त्यांचे कार्ड आले. त्यावर एवढेच होते: "कापणीत लोकांना बोलावू नका. माघात करा." म्हणून हा समारंभ माघात होत आहे.

बाईंच्या डोळ्यांवरची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडो, गुडघ्यांना बळ येवो आणि त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. ती प्रार्थना थोडी स्वार्थी आहे, हे कबूल करतो. आमच्यातला कोणी मुलांच्या वाटेवरून बाजूला सरकलाच, तर त्याच्या दारात उभे राहून "उद्या येणार का?" असे विचारणारे माणूस अजून पुष्कळ वर्षे आम्हाला हवे आहे.