हसनमियाँचा रॉकेलचा पंखा

मुरुडात राहून आलेल्या माणसाच्या घरी वाळू निघतेच. कितीही झाडा, ट्रंकेच्या तळाशी, चपलेच्या शिवणीत थोडी राहतेच. किस्स्यांचंही तसंच असतं. ते कुणी जमवायला जात नाही. एखाद्या दुपारी चहा पिताना कुणीतरी सहज विचारतं, "काय हो, घरातला पंखा बदलायचा कधी?" आणि माझ्या ट्रंकेतून वाळू सांडायला लागते!

मी तेव्हा मुरुडच्या एसटी स्टँडवर बुकिंग क्लार्क होतो. दुपारची अलिबागची गाडी सुटली की संध्याकाळपर्यंत काम नाही. स्टँडच्या मागे नारळीच्या वाडीत हसनमियाँचं घर होतं आणि त्यांच्या पडवीत आमची बैठक. हसनमियाँ आगबोटीच्या इंजिनखान्यातले सारंग, म्हणजे तिथल्या खलाशांचे मुकादम. वर्षातले बरेच महिने बोटीवर, पुढे कायमचे घरी. दुसरे हरी नाखवा, स्वतःची होडी असलेले कोळी. तिसरे गावातले डॉक्टर. चौथा मी, मला सगळे 'बुकिंग' म्हणायचे. आणि आतल्या दाराच्या पडद्याआड आमिनाभाभी, हसनमियाँची बायको. त्या बैठकीत कधी बसल्या नाहीत, पण शेवटचा शब्द बहुतेक त्यांचाच असायचा!

आणि त्या दारात, अर्धा वारा आत आणि अर्धा बाहेर, असा तो पंखा.

*

सत्तेचाळीस साली साहेब लोक मुंबईतले बंगले आवरून निघाले. तेव्हा एका साहेबाच्या सामानातून हसनमियाँनी तो पंखा घेतला. आमच्या आळीत वीज नव्हती, पण याला वीज लागतच नव्हती. खाली रॉकेलची चिमणी, तिच्यावर पितळी नळकांडं. ते तापलं की आतला दांडा खालीवर व्हायचा आणि वरची पाती फिरायची. खाली आग, वर वारा!

आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिथून पंखा किनाऱ्यावर आणला हरी नाखव्याने, आपल्या होडीतून. सगळी खाडी ओलांडली, लाटा ओलांडल्या, आणि वाळूवर उतरवताना त्याच्या हातून आपटला. दांडा किंचित वाकला. हरी गडबडला. चूक झाकायला काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "हसनभाई, ही चूल हाय का पंखा?"

"दोन्ही हाय," हसनमियाँ म्हणाले. "आणि आता लंगडापण हाय!"

तेव्हापासून त्याची चाल ठरली. टक्, टक्, टक्, आणि मग एक ठोका राहून जायचा. पुन्हा टक्, टक्, टक्. हसनमियाँ म्हणाले, पुढच्या सुट्टीत दांडा सरळ करतो. पुढची सुट्टी आली नि गेली, तिच्यापुढचीही गेली. दांडा वाकडाच राहिला.

थंडीत भाभी त्याची पाती काढून ठेवायच्या आणि नळकांड्यापाशी हात शेकत बसायच्या. वर चहाचं भांडंही ठेवायच्या. एकदा डॉक्टर म्हणाले, "भाभी, हा पंखा आहे!"

पडद्याआडून उत्तर आलं, "त्याला म्हायत नाय. तुमी सांगू नका."

*

त्या पंख्याखालची झोप मी पुन्हा कुठे झोपलो नाही. दुपारची वेळ. झावळ्यांच्या सावल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर हलतायत. समुद्र जवळच, पण आवाज लांबून आल्यासारखा. रॉकेलचा वास, भाजत ठेवलेल्या सुक्या बोंबलाचा वास, आणि टक्, टक्, टक्... चौथ्या ठोक्याची वाट बघता बघता माणूस कधी झोपला हे त्याचं त्यालाही कळत नसे. मला तर वाटायचं, पडवीच भरतीला लागलीय आणि आपण सगळे तरंगत जंजिऱ्याच्या बाजूला चाललोय.

एकदा अलिबागच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर पाणी प्यायला म्हणून माझ्याबरोबर आले. बसले. मग आडवे झाले. गाडी स्टँडवर उभी, पॅसेंजर आत उकडतायत. दोघे पॅसेंजर शोधायला आले, ते परतले नाहीत. त्यांना शोधायला आणखी चौघे आले. शेवटी रेवदंड्याला निघालेली एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन, शिव्या घालत आली. पडवीच्या पायरीवर तिने टोपली उतरवली, घाम पुसला आणि म्हणाली, "वाईच बसते रं."

गाडी किती उशिरा सुटली ते विचारू नका! अलिबागहून साहेब चौकशीला आले. मी खरं ते सांगितलं. साहेब तापले. "कुठे आहे तो पंखा? दाखवा मला!"

दाखवला. साहेब संध्याकाळच्या गाडीने परत गेले. निघताना कपाळावरच्या चटईच्या खुणा पुसत हळूच विचारलं, "रोज किती वाजता लावतात हो?"

*

हसनमियाँ निवृत्त होऊन कायमचे घरी आले, तोवर पंखाही म्हातारा झाला होता. चिमणीची काजळी आवरेना. त्या वर्षीच्या ईदला आम्ही शिरखुर्म्याला गेलो. पंखा जोरात सुरू. थोड्या वेळाने मी हरी नाखव्याकडे बघून हसायला लागलो, कारण त्याच्या नाकाखाली काळी मिशी उगवली होती. हरी माझ्याकडे बघून हसत होता. डॉक्टर आम्हा दोघांना हसत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण सोडून सगळ्यांचं तोंड काळं झालंय!

पडद्याआड भाभीही हसत होत्या. हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबेना. आमचं हसणं थांबलं तरी तो चालूच होता.

डॉक्टर उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा अर्धी मिशी पुसलेली, अर्धी तशीच. पण त्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही.

"हसनमियाँ," ते म्हणाले, "हा धूर त्यांच्या छातीत बसलाय. घरात एक तर हा पंखा राहील, नाहीतर त्या."

*

मग पडवीत एकच विषय. जुनी वस्तू बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

डॉक्टर म्हणाले, वापरण्यापेक्षा दुरुस्त करण्यात जास्त वेळ जायला लागला की. मी म्हणालो, पाहुणे यायचे बंद झाले की. हरी नाखवा बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिला.

"होडी म्हातारी झाली ते नाखव्याला कदी कलत न्हाय," तो म्हणाला. "बायकोला कलतं. पर आमच्या घरात होडी अशीच टाकत न्हाईत. जुनीची येक फळी काढून नव्या होडीत घालतात. मंग नवी होडी घर वळखते."

"पंख्याला कुठली फळी, नाखवा?" डॉक्टर वैतागले. "हसनमियाँ, तुम्ही नुसते हट्टी आहात!"

आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. इंजिनखान्यात जन्म गेलेला माणूस, मशीन सोडवत नाही. हसनमियाँ नुसते पडद्याकडे बघत राहिले.

पडदा जरा हलला. "त्यांचा हट्ट नाय," भाभी म्हणाल्या. "ते बोटीवर. मुलगी म्हसळ्याला दिलेली. एवढी वर्षं ह्या घरात माज्याशिवाय श्वास घेणारा हाच होता. दांडा सरळ करायला निघाले, तर मीच हात धरला. ह्याची चाल बदलली तर मला झोप कशी लागंल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

*

आणि आळीत वीज आली! खांब उभे राहिले, तारा ओढल्या, हसनमियाँच्या आतल्या खोलीच्या वाशाला नवा कोरा पंखा लागला. बटण दाबलं आणि तो फिरला. ना काजळी, ना वास, ना आवाज. आम्ही टाळ्या वाजवल्या. रॉकेलचा पंखा मागच्या खोपटात गेला. कोंबड्या त्याच्यावर बसायला लागल्या.

खोकला कमी झाला. पण भाभींची झोप गेली. दिवसा नाही, रात्री नाही. खाटेवर पडून वर बघत राहायच्या. हसनमियाँना म्हणायच्या, "हा बोलतच नाय हो. मेल्यावानी फिरतो."

हरी नाखव्याने उपाय काढला. पात्याला शिंपल्यांची माळ बांधली, म्हणजे वाजेल. वाजली की! बटण दाबल्याबरोबर माळ तुटली, एक शिंपला सुसाट पडवीत आला आणि डॉक्टरांच्या चष्म्याची काच घेऊन गेला. डॉक्टर उरलेल्या एका काचेतून बघत म्हणाले, "नाखवा, तुम्ही पंख्यांना हात लावू नका. एक आधीच लंगडा केलाय!"

डॉक्टरांनी औषध दिलं. गुंगी यायची, झोप नाही. भाभी वाळत चालल्या. डोळे खोल गेले. एका दुपारी त्या हसनमियाँना म्हणाल्या, "एकदाच लावा. एकदा निजते, मग नको."

हसनमियाँनी खोपटातून पंखा आणला. पुसला. चिमणीत रॉकेल भरलं. काडी ओढली तेव्हा आम्ही समोरच होतो. ती ते हातातच धरून बसले. जन्मभर आगीशी खेळलेला माणूस, एक काडी त्याला जड झाली होती.

"लावलात," डॉक्टर म्हणाले, "तर मी ह्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

काडी बोटापर्यंत जळत आली आणि विझली. आम्ही तसेच उठलो. मला वाटलं, आपली बैठक संपली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी सोडली आणि पाय सवयीने वाडीकडे वळले. वाटेत डॉक्टर भेटले; येणार नाही म्हणणारे, बॅग घेऊन. हरी नाखवाही मागून आला. नारळीच्या बुंध्यांमधून चालताना तिघेही एकदम थांबलो.

टक्, टक्, टक्. मग एक ठोका गप्प. टक्, टक्, टक्.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "लावला! शेवटी लावलाच!" ते तरातरा पुढे निघाले. आम्ही मागे. वाटेत खोपट लागलं, त्याचं दार उघडं होतं. आत रॉकेलचा पंखा होता तिथेच होता, आणि त्याच्यावर कोंबडी बसली होती.

डॉक्टर चपला न काढता पडवीत चढले आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

वर विजेचा पंखा मुकाट फिरत होता. खाटेवर आमिनाभाभी गाढ झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, एक हात खाली लोंबलेला. खाटेच्या पायथ्याशी हसनमियाँ जमिनीवर बसले होते. डोळे मिटलेले, शर्ट घामाने भिजलेला, हातात सुपारीचा अडकित्ता. तो ते खाटेच्या लाकडी पायावर हळू हळू मारत होते. तीनदा मारायचे आणि एकदा हात वरच थांबवायचे.

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. हसनमियाँनी डोळे उघडले. उजवा हात चालूच ठेवला, डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," ते पुटपुटले. "पंखा चालू हाय."