कंपाउंडर साहेबांचा वॉल्व्हचा डबा

"थांबा. गरम होऊन राहिला."

पडदा वर गेलेला असायचा, निवेदकाने शेर म्हणून टाकलेला असायचा, समोर पांढुर्ण्याची अर्धी बाजारपेठ सतरंजीवर बसलेली असायची, आणि आमचे गिटारवाले एका लाकडी डब्याच्या डोक्यावर तळहात ठेवून उभे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. निवेदक आमच्याकडे बघायचा. गिटारवाले मान हलवायचे. मग निवेदक दुसरा शेर म्हणायचा. आमच्या निवेदकाला एवढे शेर पाठ कसे, असं लोक विचारायचे, त्याचं श्रेय या डब्याला आहे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे ओळखतात, पण भलत्याच कामासाठी. आमचे गिटारवाले सौंसरच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तालुक्यातल्या म्हशींना ते माहीत होते. ते गिटार वाजवतात हे म्हशींच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणायचे, "असन बाप्पा. पण इंजेक्शन बढिया देते." मी त्यांना कंपाउंडर साहेब म्हणायचो. मी वीज कार्यालयात बाबू होतो, म्हणून ते मला बाबूजी म्हणायचे. ऑर्केस्ट्रात मी कोंगोचे ढोल वाजवायचो. ऑर्केस्ट्रा पांढुर्ण्याच्या एका कापड दुकानदाराचा होता. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. गाण्यातलं त्यांना कळायचं नाही, पण आम्हा सगळ्यांच्या शर्टांचं कापड एकसारखं असायचं.

कंपाउंडर साहेब उंच, सडपातळ, कमी बोलणारे. अंगाला फिनाईलचा वास. तो वास गिटारलाही लागला होता. गिटार ते जबलपूरला ट्रेनिंगच्या वेळी शिकले. खोलीशेजारी रेल्वेचा एक म्हातारा रिटायर्ड गार्ड राहायचा, त्याने शिकवलं. गार्डाला फिल्मी गाणी येत नव्हती. त्याला एकच प्रकार यायचा, ब्लूज. कंपाउंडर साहेब त्या प्रकाराला 'ब्लू' म्हणायचे.

"हे काय असते?" मी एकदा विचारलं.

"तिकडं अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या लोकांचं गाणं आहे, बाबूजी. गार्डबाबानं सांगतलं, तवा मले मायच दिसली."

त्यांची आई सौंसरच्या आसपासच्या शेतांत कापूस वेचून म्हातारी झाली होती. तिच्याच मजुरीवर ते शिकले. एवढं सांगून ते गिटारच्या तारा पुसत बसले.

आमच्याकडे गिटारसाठी वेगळा अॅम्प्लिफायर नव्हता. गिटारची वायर गायकांच्याच मशीनमध्ये जायची आणि गायक जिंकायचे. शेवटी मालक वैतागून म्हणाले, चला नागपूरला, तुमच्यासाठी एक डबा आणून टाकू. आम्ही तिघे गेलो.

दुकानदाराने नवा ट्रान्झिस्टरचा सेट काढला. वजनाला हलका, चमकदार, समोर लाल-हिरवे दिवे. मालकांचा चेहरा त्या दिव्यांत उजळला. कंपाउंडर साहेबांनी गिटार लावून थोडं वाजवलं.

"कसा आहे?" मालक.

"स्वच्छ आहे."

"मग?"

"दवाखान्यावानी स्वच्छ आहे."

मालकांना ही स्तुती वाटली. पण कंपाउंडर साहेब उठून दुकानाच्या कोपऱ्यात गेले. तिथे एक जुना, जड, कापड लावलेला वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होता. कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉटेलातल्या बँडचा. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे वॉल्व्ह मागच्या बाजूला दिसत होते. खटका दाबला तर काहीच झालं नाही. दुकानदार म्हणाला, याला वेळ लागतो. कंपाउंडर साहेब समोर उकिडवे बसले. हळूहळू काचांच्या आत नारिंगी उजेड आला. मग त्यांनी एकच तार छेडली. हळू. मग जोरात. मग पुन्हा हळू. बैलाच्या कुशीला लावावा तसा त्यांनी डब्याच्या पाठीला कान लावला. आम्ही चहा पिऊन आलो तरी त्यांची तीच तार चालू होती.

"पाहा बाबूजी," ते मला म्हणाले, "हळू छेडलं तर हा बोलते. जोरात छेडलं तर चिडते. तो नवा डबा काहीबी करा, एकाच तोंडानं 'हाव जी' म्हणते."

त्यांनी जोरात छेडून दाखवलं. मालक दचकले. "अहो, आवाज फाटून राहिला ना!"

"फाटू द्या ना. माणसाचा नाही फाटत का?"

मालकांनी त्या डब्याला हात लावायला नकार दिला. कंपाउंडर साहेबांनी तो स्वतःसाठी घेतला. इतवारी स्टेशनहून छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही सौंसरला निघालो. डबा खिडकीजवळच्या सीटवर, कंपाउंडर साहेब उभे. लोधीखेड्याला एका बाईने डब्याकडे बोट दाखवून जागा मागितली. ते म्हणाले, "बाई, त्याले उतरवता येत नाही, तो जखमी आहे." बाईने समजून घेतलं आणि टोपली मांडीवर घेऊन खाली बसली.

घरी डब्याचं स्वागत कसं झालं ते वहिनींनी मला सांगितलं. पहिले काही दिवस त्या डब्याशी बोलल्या नाहीत. मग थंडी पडली. मुलगी तान्ही होती, कपडे वाळत नव्हते. एका संध्याकाळी कंपाउंडर साहेब वाजवत असताना वहिनींचा हात डब्याला लागला. दुसऱ्या दिवसापासून डब्यावर दुपटी वाळू लागली. "तुमचा रियाज झाला का?" असं वहिनी विचारायच्या. नाही म्हटलं तर, "मग करा ना, लेकीले कपडे नाहीत."

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती माझ्या खात्यातली आहे. थंडीत आमच्या भागात संत्र्याच्या बागांवरचे पंप एकदम सुरू व्हायचे आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरायचं. बल्ब पिवळे, ट्यूबलाइट मिचमिच. सगळा गाव आमच्या कार्यालयाला नावं ठेवायचा. एका सकाळी कंपाउंडर साहेब माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाबूजी, लाईनमध्ये काही बिघाड झाला का?"

"काहून?"

"काल संध्याकाळी व्होल्टेज पुरं होतं."

"मग चांगलंच आहे ना."

"गिटार कोरडं लागून राहिलं. कमी व्होल्टेजवर कसा, डबा जरा दमते. दमला की गोड बोलते."

ही तक्रार कुठे लिहायची हे मला कळेना. मी चहा मागवला.

मालकांना मात्र तो फाटका आवाज काही केल्या पटला नाही. वरून दर कार्यक्रमात गरम होईपर्यंत थांबणं. वरून टेम्पोत त्याची जागा. एके दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावून सांगितलं, नागपूरचा एक गिटारवाला ठरवला आहे. लोधीखेड्याचा कार्यक्रम कंपाउंडरचा शेवटचा. त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं. कंपाउंडर साहेब तेव्हा एका वासराच्या पायाला पट्टी बांधत होते. पट्टी पूर्ण बांधली, गाठ मारली, वासराला उभं केलं.

"हाव," ते म्हणाले. "मग मायले घेऊन येतो. तिनं कधी ऐकलं नाही."

घरात ते वाजवायचे तेव्हा आई अंगणात बसायची. ते तिला ऐकणं वाटत नव्हतं. कार्यक्रम म्हणजे खुर्च्या आणि लाईट.

लोधीखेड्याच्या बाजाराच्या मैदानात दिवस मावळताना कार्यक्रम सुरू झाला. थंडी कडक. कापसाचा हंगाम चालू होता, त्यामुळे बायका शेतातून थेट आल्या होत्या, ओच्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. पुढे मालकांनी पाहुण्यांना बसवलं होतं. कंपाउंडर साहेबांची आई बायकांत बसली, वहिनी मुलीला घेऊन शेजारी.

तिसऱ्या गाण्याला बागांवरचे पंप सुरू झाले असावेत. बल्ब पिवळे पडले. आधी गायकांचं मशीन चिरकलं, मग बंद झालं. मग ऑर्गन घुं घुं करू लागला आणि वाजवणाऱ्याने घाबरून हात काढून घेतले. गायिका माइकला टिचक्या मारत राहिली. मागून शिट्ट्या आल्या. एक खडा स्टेजवर पडला. मालक विंगेतून माझ्याकडे बघून हात जोडत होते, जणू पंप मी सुरू केले.

कंपाउंडर साहेब माझ्याकडे वळले. "बाबूजी, तुमच्या कोंगोले लाईट लागत नाही ना?"

"नाही."

"मग सावकाश धरा. बैल चढावर गाडी ओढते तसं."

मी धरलं. त्यांनी तार छेडली.

तो आवाज मी नागपूरच्या दुकानात ऐकला होता, पण असा नाही. डबा खरोखर दमला होता. एकेक सूर निघायचा, लांबायचा, शेवटी काठाकाठाने फाटायचा, आणि फाटताना त्यातून दुसराच एक सूर निघायचा. शिट्ट्या थांबल्या. लोकांना आवडलं म्हणून थांबल्या असं मी म्हणणार नाही. हे काय चाललंय हे कोणालाच कळत नव्हतं. पण बायकांमध्ये एकीने मान डोलवायला सुरुवात केली, मग दुसरीने. पाहुणे मागे वळून बायकांकडे बघू लागले. कंपाउंडर साहेबांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. इंजेक्शन देतानाही असाच असायचा.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या आईला नमस्कार करायला गेलो.

"कसं वाटलं, माय?"

"बढिया झालं," म्हातारी म्हणाली. "पण मधात कोनाचं लेकरू रडून राहिलं होतं, बाप्पा?"

"लेकरू नाही माय," कंपाउंडर साहेब म्हणाले. "ते गिटार होतं."

म्हातारी थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली.

"मंग उगी काहून नाही केलं त्याले?"

कंपाउंडर साहेब पाठ फिरवून वायर गुंडाळायला लागले. ती वायर गुंडाळायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

नागपूरचा गिटारवाला आलाच नाही. मालकांनी त्याला नको म्हणून कळवलं होतं. कंपाउंडर साहेबांना ते एवढंच म्हणाले, "तो रडका प्रकार ठेवा एखादा. पण जरा हसून वाजवत जा." पुढची दोन-तीन वर्षं आमच्या प्रत्येक कार्यक्रमात एक 'रडका प्रकार' असायचा. रामाकोन्यापर्यंत लोक त्याची फर्माईश करायचे, याच नावाने.

म्हातारी गेली ती त्यातल्या शेवटच्या वर्षी, कापूस निघून गेल्यावर, उन्हाच्या सुरुवातीला. त्यानंतर कंपाउंडर साहेब ऑर्केस्ट्रात आले नाहीत. मी घरी गेलो तर ते डब्यासमोर बसलेले. डबा चालू, गिटार कोपऱ्यात. वहिनी मला ओट्यावर नेऊन म्हणाल्या, "रोज लावून बसते. वाजवत नाही. मीबी काही म्हणत नाही. तेवढाच उजेड राहते घरात."

बरेच दिवस असंच चाललं. मग एकदा मी गेलो तेव्हा ते एक साधी, दोन ओळींची चाल वाजवत होते. ओळखीची वाटेना. वहिनी चुलीजवळ बसून पुटपुटत होत्या. नीट ऐकलं तर त्या चालीचे शब्द होते ते, वेचणीचं गाणं, सासूकडून आलेलं. एका ओळीला त्यांनी हात वर केला. "अहं. आत्याबाई इथं थांबत." कंपाउंडर साहेबांनी पुन्हा वाजवलं. थांबले. वहिनींनी मान हलवली आणि भाकर उलटली.

त्याच पावसाळ्यात त्यांची बदली झाली, खूप लांब, जंगलातल्या एका गावी. तिथे खांबसुद्धा पोचले नव्हते, हे मला माझ्याच कार्यालयातून कळलं. मी म्हटलं, डबा माझ्याकडे ठेवा. ते म्हणाले, "नाही बाबूजी. त्याले सवय आहे आमची." सौंसर स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. मालकही आले होते, मुलीसाठी फ्रॉकचं कापड घेऊन. ते आमच्या शर्टांचंच होतं.

पुढे आमचा एक लाईनमन सर्वेला त्या भागात गेला होता. परत आल्यावर त्याने सांगितलं की तुमचे कंपाउंडर भेटले. डबा त्यांनी दवाखान्याच्या ओसरीवर टेबलावर ठेवला आहे. तिथल्या लोकांना वाटतं, ती जनावरांची मशीन आहे. गाय जास्त आजारी असली की ते सांगतात, साहेब, आज मशीन लावा. कंपाउंडर साहेब त्यांना कधी नाही म्हणत नाहीत. लाईट आली की लावू म्हणतात, आणि गाईला इंजेक्शन देतात.

"आणि गिटार?" मी विचारलं.

"वाजवते ना. संध्याकाळी, ओसरीवर. जवळ बसलं तरच ऐकू येते." लाईनमनला हसू आलं. "पण एक पाह्यलं बाबूजी. तिथं लाईनच नाही, तरी त्यायनं गिटारची वायर डब्यात लावून ठेवली होती."