पायरीपाशी जागा

गंगाखेडला कचेरीच्या फाटकासमोर माझं चहाचं हॉटेल. तिथला एक पांगळा कारकून हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर यायचा. पायरीपाशी साहेबाची जीप, म्हणून हा सायकल फाटकात सोडून, तळहातांत चपला घालून सरपटत जायचा.

"पायरीपाशी सायकलला जागा मागितली हाय," चहा फुंकत म्हणायचा. "साहेब बघू म्हणले. पण मालक, एकदा तरी पायरीपर्यंत सायकलवरच जाणार मी."

तो वारला, अन् मग मंजुरी आली! शिपायानं चुन्यानं चौकोन आखला. आता रिकामी कशाला म्हणून साहेबानं जीप त्यातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायानं कचेरीच्या अंगणात सडा टाकला. आमी दोघांनी बघितलं. ओल्या मातीत तीन चाकांच्या रेघा फाटकातून थेट जीपखाली गेलेल्या. परतीच्या न्हाईत.

साहेब आता जीप फाटकातच सोडतात.