समुद्राची ओटी

आमची ही गेली, तिच्या तेराव्याला एक पाहुणी समोर बसून म्हणाली, "बिचारीनं विहीर सोडून दुसरं पाणी बघितलं न्हाय." मी तिथंच म्हणालो, "बाई, खोटं बोलू नका. तिनं समुद्र बघितलाय. नुसता बघितला न्हाय, त्याची ओटी भरून आलीय." तेराव्याला असं बोलू नये म्हणतात. मी बोललो. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायची सवय न्हाय, पण हे लिहून ठेवतो. परत कुणी तिला बिचारी म्हणायला नको.

आमचं रान बेंबळीच्या बाजूला. विहिरीला पाणी आलं की ती दर साली विहिरीची ओटी भरायची. तेरला गेलो की तेरणेची भरायची, मग नदीत गुडघाभर पाणी असू द्या न्हायतर नुसता ओलावा. तिच्या मनात एकच होतं. हे सगळं पाणी शेवटी जिथं जातं, तिथं जाऊन एकदा आपल्या हातानं ओटी भरायची. मी चाळीस वर्षं "बघू" म्हणत आलो. मग धाराशिवच्या डॉक्टरनं तिच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, कुठं फिरवून आणायचं असेल तर आत्ताच आणा, पुढं जमायचं न्हाय. बघू म्हणायला जागाच उरली न्हाय.

मुलगा केरळात नोकरीला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, पाडवा झाला की या, दोन दिवसांची मोटरबोट ठरवतो. अलेप्पीहून कोल्लमकडं, समुद्राच्या कडेकडेनं आतल्या पाण्यातून जायचं, आणि शेवटी खाडीच्या तोंडाशी समुद्र लागतो. वर म्हणाला, "पण आई, आपल्या तेरणेचं पाणी ह्या समुद्राला येत न्हाय. ते गोदावरीतून पार पूर्वेला जातं."

ती म्हणाली, "समुद्र काय वेगवेगळे शिवलेत का रं?"

मी म्हणालो, "अगं, समुद्र बाप्या. त्याची कसली ओटी भरतीस?"

"बाप्या असू द्या. तुमच्यापरीस जास्त लेकरं पोसतोय."

पिशवीत तिनं हिरवा खण, मूठभर तांदूळ, हळदकुंकू आणि धाराशिवच्या बाजारातला एक नारळ घेतला. सोलापूरहून गाडीत बसलो. केरळ आलं तसं खिडकीतून नारळीच नारळी दिसायला लागल्या. मी नारळाच्या पिशवीकडं बघितलं आणि तिच्याकडं बघितलं. तिनं तोंड दुसरीकडं केलं.

बोट छोटीच होती. वर छप्पर, खाली दोन बाकडी, मागं डिझेल इंजिन. बोटवाला साठीच्या आतला, लुंगीतला, मोडकी हिंदी बोलणारा. हिला अम्मा म्हणायचा. पिशवीतला नारळ बघून तो इतका हसला की सुकाणू सोडलं. म्हणाला, ये तो हमारे इधर सेच गया होगा. मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मग माहेरी आला की."

पहिला दिवस नुसतं बघण्यात गेला. घराची पायरी उतरली की पाणी. बायका पायरीवर बसून भांडी घासतात, बदकं रांगेनं जातात, आणि भाताचं रान पाण्याच्या पातळीच्या खाली. पाणी वर आणि पीक खाली, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "इथं रात्रीचं दारं धरायला कुणी जात नसंल." आमच्याकडं पिकाला पाणी पाजताना एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. तीस वर्षं ते काम तिनं केलं. मी विहिरीवर इंजिनापाशी, ती रानाच्या टोकाला पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोटवाल्यानं सांगितलं, खाडीच्या तोंडाशी चारच्या आत पोचलं पाहिजे. चारनंतर वारा सुटतो, मग ही बोट तो तिकडं नेणार न्हाय. आणि त्याच्या पुढच्या दिवशी आमची परतीची गाडी. म्हणजे हाच एक दिवस होता.

दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही जलपर्णीच्या हिरव्या थरातून बाहेर पडलो. जरा वेळानं ही म्हणाली, "अहो, गरम पाणी थांबलं."

"कुठलं गरम पाणी?"

"बोटीच्या बाजूनं पडत होतं ते. कालपास्नं बघतीया मी. आता पडंना. आवाज बी कोरडा झालाय."

मी म्हणालो, "गप बस. बोटीतलं तुला काय कळतंय."

आता इथं मागची एक गोष्ट सांगतो. आमच्या विहिरीवरचं इंजिन थंड राहावं म्हणून पंपातलं थोडं पाणी एका बारीक नळीनं इंजिनात जायचं, आणि गरम होऊन पलीकडून धार पडायची. त्या धारेखाली ही कपडे धुवायची, डोकं धुवायची. धार बारीक झाली की रानाच्या टोकावरून नुसत्या आवाजावर ओळखायची आणि ओरडायची. एका साली ती ओरडली आणि मी विडी ओढत बसलो. म्हणालो, बायकांना काय कळतंय. इंजिन तापून जाम झालं. दुरुस्तीला धाराशिवला गेलं, ते परत येईपर्यंत उभा गहू वाळला. त्यावर ती मला कधी एक शब्द बोलली नव्हती.

त्या दिवशी बोटीत बोलली. हळूच म्हणाली, "त्या साली बी असंच म्हणला होतात."

मी उठलो. बोटवाल्याला म्हणालो, इंजन बंद करो. तो म्हणाला, काय को? देर होगा. मी बाहेर वाकून धारेच्या जागी हात केला, पानी नहीं गिरता. त्याला वाटलं, म्हातारा प्यायचं पाणी मागतोय. त्यानं बाटली दिली. मुलाला फोन लावला तर रेंज न्हाय. शेवटी मी त्याचा हात धरला आणि तळवा इंजिनावर टेकवला. त्यानं झटक्यात काढून घेतला आणि लगेच इंजिन बंद केलं.

मग तो खाली वाकला. पाणी आत ओढणाऱ्या नळीची जाळी त्यानं उघडली. जलपर्णीची मुळं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, असा गोळाच बसला होता. इंजिनाच्या तापाचा काटा कधीचा बंद पडलेला. तो हिच्याकडं बघून बराच वेळ त्याच्या भाषेत बोलला. शब्द एक कळला न्हाय, सूर सगळा कळला.

इंजिन निवायला पाऊण तास गेला. ही मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मी म्हणालो, "पोचू." ती म्हणाली, "तुम्ही उठलात तवाच पोचले."

चालू केल्यावर बाजूनं धार पडली. तिनं वाकून हात धरला, म्हणाली, "कोमट हाय. चला."

चारला दहा मिनिटं कमी असताना खाडीचं तोंड आलं. दगडांच्या दोन बांधांच्या मधून समोर नुसतं पाणी, त्याला पलीकडची कड न्हाय. मोठमोठ्या मच्छिमार बोटी जात होत्या. बोटवाल्यानं आमची बोट हळू करून बरोबर मधोमध धरली. मी हिची कंबर मागून पकडली. ती वाकली, पाण्याला हळदकुंकू लावलं, ते लगेच वाहून गेलं, तिनं परत लावलं. तांदूळ, खण, मग नारळ. नारळ बुडंना. लाटेनं दोनदा बोटीला येऊन थडकला. तिनं त्याला हातानं ढकललं आणि म्हणाली, "जा आता. तुझं घर आलं."

मग बोट परत खाडीत वळली, आणि आतल्या मोकळ्या पाण्यात बोटवाल्यानं उठून तिला आपल्या जागेवर बसवलं. अम्मा चलाव. मला वाटलं, घाबरंल. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी सुकाणू धरलं, आणि बोट अशी सरळ नेली की मागं पाण्यात सरी पाडल्यासारखी रेघ उठली. मला म्हणाली, "बघत काय बसलात? धारंकडं ध्यान द्या."

मी सगळा वेळ धारेकडं ध्यान दिलं.

त्यानंतर ती पाच महिने होती. बोटवाल्यानं माझ्या फोनवर तिचा फोटो काढला होता, केस उडालेले, कुंकू फिसकटलेलं, हात सुकाणूवर. भिंतीवर लावायला मुलानं लग्नातला फोटो मोठा करून आणला होता. मी म्हणालो, तो ठेव आत. तेराव्याला हार ह्याच फोटोला घातला. त्या पाहुणीला मी उठवून फोटोपुढं उभं केलं. तिनं जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "बोट कोण चालवतंय ही?"

मी म्हणालो, "आमची बायको."