दाजींचा समुद्र आणि मायचा पैसा

फोन शाळेत आला. तिसरा तास संपत आला होता. हेडमास्तर वर्गाच्या दाराशी आले आणि नुसतं "बाई, जरा..." म्हणाले. त्या अर्धवट सोडलेल्या वाक्यातच मला कळलं की ताईच्या घरचं काहीतरी आहे. घनसावंगीहून अंकुशनगरकडे निघालेली जीप उसाच्या गाड्यांमागे अडकत, रखडत चालली होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच उसावर चिडले. पोचले तेव्हा कारखान्याच्या कॉलनीतल्या त्या क्वार्टरसमोर माणसं उभी होती, दाजींना चादर पांघरून झाली होती. दुसरा झटका. प्रयोगशाळेतून जेवायला घरी आले आणि हात धुताधुता खाली बसले, ते उठलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत मात्र त्यांच्या माशांच्या काचेच्या टाकीतला दिवा जळत होता, पंप घुरघुरत होता. गळीत हंगामात कॉलनीला कारखान्याची स्वतःची वीज असते. टाकी बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि कुणी बटणाला हात लावला असता तर मी त्याचा हात धरला असता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान, मधुकरराव. साखर कारखान्यात केमिस्ट. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे त्यांना छळायचा हक्क माझा जन्मसिद्ध होता आणि मी तो मनापासून बजावला. मला ते "मास्तरीणबाई" म्हणायचे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, दगदग कमी करा, कशात तरी मन रमवा. लोक अशा वेळी भजनाला लागतात, दाजी समुद्राला लागले. तिथल्या दवाखान्यात बसायच्या खोलीत एक टाकी होती. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे एका हलणाऱ्या फुलात झोपायचे, आणि दाजी आपला नंबर येऊन गेला तरी तिथंच बसून राहायचे, असं ताई सांगते.

आमच्या जिल्ह्यात समुद्र कुणी बघितला असेल तर तो लग्नानंतर फिरायला गेलेल्यांनी. तरी दाजींनी समुद्र आणला. मीठ मुंबईहून आलं, आपलं खायचं नव्हे, समुद्राचं पाणी करायचं वेगळं मीठ. दिवसभर उसाच्या रसातली साखर मोजणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन पाण्यातलं मीठ मोजायचा. तसेच दोन मासे आणि तसंच फूल आलं मुंबईच्या रेल्वेनं, आणि जालन्याहून पुढं थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन, एसटीनं. त्या प्रवासाचं वर्णन ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. शेजारच्या बाबानं विचारलं, "काय हाय खोक्यात?" हे म्हणाले, "दोन मासे हायेत." तर तो बाबा कळवळला, "दोनच? मंग कालवणाला कसे पुरतील?"

ते फूल म्हणजे ॲनिमोन. दिसायला फूल, पण आहे जिवंत जनावर. त्याला बोटांसारखे शेकडो धागे असतात आणि दुसरा मासा शिवला तर ते त्याला डसून खाऊन टाकतं. फक्त हे जोकर मासे त्याच्यात राहू शकतात. तेही एकदम नाही. आल्यावर कितीतरी दिवस ते दोघं कोपऱ्यातल्या नळीला चिकटून होते आणि फूल एकटंच दगडावर हलत होतं. मी म्हटलं, "दाजी, स्थळ जुळत नाही असं दिसतंय." ते म्हणाले, "ते बिचकून राह्यलेत. थांबा जरा. जल्दी करून चालत न्हाई." मग मोठी मादी रोज थोडी जवळ जायची, शेपटीनं शिवायची, झटकन मागं यायची. नव्या सुनेनं सासूच्या स्वयंपाकघरात वावरावं तशी. आणि एका रविवारी, मी तिथंच चहा पीत असताना, ती सरळ आत शिरली आणि अंग घुसळत लोळली. धाकटा नर तिच्या मागोमाग. दाजी खुर्चीवरून उठले, काचेला कपाळ लावून उभे राहिले, आणि मागं वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. या माशांत मादी मोठी आणि घर तिचं, हे कळल्यावर ताई म्हणाली, "मंग यात नवीन काय?"

दाजींची आई पिंपळगाव रेणुकाईला शेतावर राहायची. सगळे तिला माय म्हणायचे, मीही; सासू म्हणून ताई तेवढी आत्याबाई म्हणायची. लेकाच्या दुखण्यानंतर ती पहिल्यांदा राहायला आली आणि ही टाकी बघतच राहिली. "ह्ये समुद्राचंच पाणी हाय का रे?" तिनं विचारलं. दाजी कौतुकानं म्हणाले, "बराबर समुद्रावाणी, माय." त्यांना काय ठाऊक, ती काय ऐकते आहे! आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि पुलावरून एसटी जाताना खिडकीतून गंगेला पैसा टाकायची रीत आहे. मायचा त्याबाबत कडक नेम. साधं नाणं चालत नाही, तांब्याचंच लागतं. तिच्याकडे निजामाच्या काळातले तांब्याचे पैसे पुरचुंडीत बांधलेले असायचे. गंगा जिथं जाऊन मिळते तो समुद्रच लेकाच्या घरी आला म्हटल्यावर ती गप्प कशी बसेल? घरात कुणी नाही बघून तिनं हात जोडले, लेकाला औक्ष मागितलं आणि पैसा टाकला.

मग ते फूल मिटायला लागलं. धागे आखडले, तोंड उघडं पडलं, अंग पिवळट होऊन गळायला लागलं. दाजींनी पाणी बदललं, मीठ पुन्हा पुन्हा तपासलं, जेवण टाकलं. मासे त्या गळणाऱ्या अंगाला सोडत नव्हते, ते मला बघवेना. शेवटी फूल मेलं, पाण्याला वास सुटला, आणि टाकी उपसताना दगडाखाली दाजींच्या चिमट्यात तो पैसा आला, हिरवट पडलेला. मी शेजारीच बादली धरून उभी होते. ते हळूच म्हणाले, "तांबं. माशाला थोडंफार चालतं, याला बिलकुल न्हाई." तेवढ्यात माय आतून आली. दाजींनी पैसा मुठीत घेतला.

"काय झालं रे फुलाला?"

"माझ्याच्यानं मीठ जास्ती पडलं, माय."

"साखरेत जलम गेला तुझा," माय म्हणाली, "मिठाचा अंदाज कुठून येणार!"

ती आत गेल्यावर दाजींनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "माझ्या नावानं टाकल्ता तिनं. त्यानंच फूल मेलं म्हणून कळलं, तर ती काय समजंल?" मला पुढं सांगायची गरज नव्हती. लेकाच्या आयुष्यासाठी वाहिलेल्या पैशानं जीव गेला, हा अपशकुन त्या बाईनं मरेपर्यंत उराशी धरला असता. ते आम्ही तिघांनी, मी, ताई आणि दाजींनी, गिळून टाकलं.

टाकी नव्यानं मांडायला, वाळू-दगड बदलायला फार दिवस गेले. तोवर ते दोन मासे जुन्या जागेवरच, रिकाम्या दगडाला अंग घासत झोपायचे. मग दुसरं फूल आलं आणि घरातली तांब्या-पितळेची भांडी त्या खोलीतून हद्दपार झाली. उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं की पंप बंद पडायचा. अशा वेळी स्टीलच्या पेल्यानं टाकीतलं पाणी उचलून पुन्हा वरून ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाजी हे काम लावायचे. मी पेपर तपासायला घेऊन जायचे ते तसेच परत आणायचे.

आणि माय दर खेपेला पैसा घेऊन यायचीच. दाजी पुढं होऊन म्हणायचे, "दे माय, माझा हात लांब हाय, पार तळाशी ठेवतो." चिमटीत नीट धरल्यासारखं करून मूठ कोपरापर्यंत पाण्यात घालायचे, थोडं थांबायचे, आणि मूठ तशीच मिटून बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळायचे. माय हात जोडायची. ते सगळे पैसे ताईनं माळ्यावर लोणच्याच्या जुन्या बरणीत ठेवलेत. दाजींच्या छातीत मधूनमधून दुखायचं तेव्हाही ते मायला सांगायचे नाहीत, पण पैसा मात्र न चुकता "ठेवायचे". एवढ्या प्रेमानं कुणी कुणाला फसवताना मी पाहिलं नाही.

महिन्याच्या विधीला मी गेले तेव्हा हंगाम संपला होता. कॉलनी ओस पडल्यासारखी झाली होती, मळीचा वास तेवढा रेंगाळत होता. जेवणं उरकल्यावर माय उठली आणि टाकीकडं चालू लागली. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि जवळजवळ धावतच तिच्यापुढं गेली.

"द्या आत्याबाई, मी टाकते. तुमचा हात पुरायचा न्हाई."

मायनं हात पुढं केला. तो रिकामा होता.

"आता कशाला?" ती म्हणाली. "ज्याच्यासाठी झाकायचं तो गेला."

माय खुर्चीवर टेकली, दाजींच्याच. "मी पैसा टाकल्ता आन् ते फूल कोमेजाया लागलं. एवढी का मी येडी हाय? रोज जीव घाबरायचा, की आता ह्याचं काय व्हतंय... पर तो लपवून राह्यल्ता. मंग म्हणलं, लपवू दे. त्याला वाटंल, माय खुशीत हाय."

"पण मग दर वेळी पैसा कशाला आणायचीस, माय?" मी विचारलं.

"न्हाई आणला असता तर त्यानं वळखलं असतं ना, मायला कळलं म्हणून."

मला त्या क्षणी दाजींचा राग आला, इतका की रडूच फुटलं. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसाला आपली आई मोजता आली नाही. आणि बरंही त्याचंच वाटलं, की माय खुशीत आहे असं समजूनच ते गेले. ज्या भयापासून त्यांनी तिला वाचवलं असं त्यांना वाटलं, ते ती एकटी इतकी वर्षं पदराखाली घेऊन बसली होती, आणि ते खरं झाल्यावरही तिनं पहिलं काय केलं, तर लेकाचा खोटेपणा हळूच उतरवून ठेवला.

तेवढ्यात लाईट गेली. पंप थांबला. खोली एकदम शांत झाली आणि उकडायला लागलं. मी उठायच्या आत माय उठली, पदर खोचला, फळीवरचा स्टीलचा पेला घेतला आणि पाणी वरून ओतायला लागली. इतक्या वर्षांत दाजींनी घरातल्या सगळ्यांना ते काम लावलं, फक्त तिला लावलं नव्हतं, टाकीपासून तिला लांब ठेवायचे ना. तरी तिचा हात बरोबर तसाच चालत होता, जराही न सांडता. मोठी मादी फुलातून बाहेर आली, पडणाऱ्या पाण्याखाली थोडी घुटमळली आणि परत आत जाऊन बसली. लाईट कधी येणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं मी म्हटलं, "माय, दे आता माझ्याकडं." ती म्हणाली, "बस तू. माझा हात दुखला की सांगते."