जाळीची आतली बाजू

माझी आत्या सरड्यांची घरं बांधते. लाकडी चौकट, तिन्ही बाजूंनी तारेची बारीक जाळी, पुढे दार. उमेदीची वर्षं तिने लोकांच्या खिडक्यांना मच्छरजाळ्या ठोकण्यात घालवली. मग कोणीतरी पाळलेला सरडा घेऊन आलं आणि तिला उमगलं, की जाळीला आतली बाजूही असते. तिथे चढणारा जीव नखं अडकवतो, नाक घासतो. बाहेरच्याला दिसते ती नुसती जाळी.

शेजारीण हिणवायची, "अगं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत! त्याच्यापायी एवढं रक्त का आटवतेस?"

"मग कुंपण तरी धड नको का?"

यंदा आत्याची नजर अधू झाली. तिचा मुलगा हट्टाला पेटला. "आई, पुरे आता. एखाद्या मुक्या जिवाला इजा झाली तर? हा शेवटचा पिंजरा. मग तुझं हे कामाचं टेबल इथून हलवतो."

हा पिंजरा पशुवैद्य बाईंच्या सरड्यासाठी होता. आधीच्या, दुकानातून आणलेल्या पिंजऱ्यात त्याचं एक नख उखडलं होतं. बाई न्यायला आल्या तेव्हा आतेभावाने विजेरी मारून कोपरा न् कोपरा पाहिला. "स्वच्छ आहे. न्या."

"थांब." आत्याने एक जुना, झिरझिरीत नायलॉनचा मोजा कोपरापर्यंत हातावर चढवला. डोळे मिटले. आत हात घालून तो जाळीवरून फिरवू लागली, खालून वर, सरडा चढतो तसा. बिजागरीमागे हात थबकला. तारेने मोज्याचा धागा धरला होता.

आतेभावाने विजेरी जवळ नेली. "इथे काहीच नाही."

"डोळ्यांनी नव्हे रे, शहाण्या. घाल मोजा."

त्याने एकदा हात फिरवला, दोनदा फिरवला. काही लागेना. तिसऱ्यांदा सावकाश फिरवला, तेव्हा अडकला. तो लाजला. माझी मात्र मान ताठ झाली, जणू ते टोक मीच शोधलं होतं.

आत्याने पकडीने टोक दाबलं, कानस मारली, पुन्हा मोजा फिरवला. आता तो कुठेच अडला नाही.

"पुढचा पिंजराही तुमच्याच हातचा हं," बाई म्हणाल्या.

"ते याला विचारा. टेबल हलवतोय ना!"

"हलवणारच आहे," मोजा घातलेल्या हाताकडे पाहत आतेभाऊ म्हणाला. "थोडं डावीकडे. माझं स्टूल मावायला हवं."

"आधी तो मोजा काढ," आत्या म्हणाली. "उलटा घातलायस."